‘युद्धोत्तर’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितं तपासताना आणि भाषांतरं दुरुस्त करताना या एका शब्दाबद्दल इतक्यांदा विचारणा झाली, की दर वेळी नव्याने लिहिण्यापेक्षा उत्तरं एका जागी ठेवलेली बरी. विचारणारे बहुतेक तीन प्रकारचे: स्पर्धा परीक्षेची मुलं, भाषांतरकार, आणि रात्री पान सोडायच्या घाईत असलेले उपसंपादक. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. तेच ते दोनदा सांगायला नको म्हणून मधेमधे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘युद्धोत्तर’ म्हणजे नेमकं काय?

युद्ध संपल्यानंतरचा. शब्द विशेषण आहे आणि तो कधी बदलत नाही: युद्धोत्तर काळ, युद्धोत्तर पिढी, युद्धोत्तर अर्थकारण, युद्धोत्तर जपानमध्ये. ‘युद्धोत्तरचा काळ’ किंवा ‘युद्धोत्तरातली पिढी’ असं लिहिलेलं येतं, तिथे प्रत्यय सरळ काढून टाकावा. नाम हवंच असेल तर ‘युद्धोत्तर काळ’ म्हणावं.

२. मग सरळ ‘युद्धानंतरचा’ का लिहू नये?

लिहावं की. दहापैकी सात ठिकाणी तेच चांगलं दिसतं. फरक एवढाच, की ‘युद्धानंतर’ घड्याळ आणि कॅलेंडर दाखवतं, ‘युद्धोत्तर’ एका अख्ख्या काळाचा स्वभाव दाखवतं. ‘युद्धानंतर तिसऱ्या दिवशी तो घरी आला’ हे मराठी. ‘युद्धोत्तर तिसऱ्या दिवशी’ हे काहीच नाही. उलट ‘युद्धोत्तर जर्मनी’ म्हटलं की पडकी शहरं, चार फौजांनी वाटून घेतलेला मुलूख, काळा बाजार आणि मग पुन्हा उभे राहिलेले कारखाने एकदम येतात. असा काळ डोळ्यांसमोर आणायचा असेल तर हा शब्द वापरावा, नुसतं ‘नंतर’ सांगायचं असेल तर ‘नंतर’ पुरे.

३. युद्धोत्तर, युध्दोत्तर, युद्धोतर, युद्धेतर: यातलं बरोबर कोणतं?

पहिलं. ‘युद्ध’मध्ये आधी द, मग ध. टंकताना द, हलन्त, ध या क्रमाने कळा दाबायच्या. ‘युध्द’ ही चूक दुकानांच्या पाट्यांपासून पाठ्यपुस्तकांच्या गाइडपर्यंत सगळीकडे आहे, तेव्हा डोळ्यांना सवय झाली म्हणून ती बरोबर धरू नये. ‘युद्धोतर’मध्ये एक त खाल्ला आहे. ‘उत्तर’मध्ये दोन त आहेत, ते दोन्ही राहिले पाहिजेत.

खरा धोका चौथ्यात आहे, कारण ‘युद्धेतर’ हा शब्द चुकीचा नाहीच. युद्ध आणि इतर मिळून तो होतो आणि अर्थ होतो युद्धाखेरीजचा. पूर आला की लष्कर बोटी घेऊन येतं, ते युद्धेतर काम. एका पुरवणीत माझ्याच हातून ‘युद्धोत्तर खर्च’चा ‘युद्धेतर खर्च’ झाला होता. एक काना आणि एक त गळला, लढाई संपल्यानंतरचा खर्च लढाईशी संबंध नसलेला झाला, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राने अर्थातच काही कुरकुर केली नाही.

४. उत्तर म्हणजे जबाब, नाहीतर दिशा. इथे त्याचा ‘नंतरचा’ कसा झाला?

‘नंतरचा, पलीकडचा, वरचा’ हा ‘उत्तर’चा जुनाच अर्थ आहे. जबाब प्रश्नानंतर येतो म्हणून तो उत्तर. मराठीत हा अर्थ रोजच्या वापरात आहे, फक्त आपलं लक्ष नसतं: उत्तरार्ध, उत्तरोत्तर, मरणोत्तर, पदव्युत्तर. एकशेआठ म्हणजे अष्टोत्तरशत, तिथे उत्तर म्हणजे ‘वर, अधिक’. ‘लोकोत्तर पुरुष’ म्हणजे लोकांनंतर आलेला पुरुष नव्हे, सामान्य लोकांच्या पलीकडचा. आणि ‘प्रश्नोत्तर’ हा निराळाच जोड आहे, प्रश्न आणि उत्तर. दिसायला सगळे सारखे, पण प्रत्येकाची फोड वेगळी.

५. संधी कोणता आणि समास कोणता?

अ + उ = ओ, म्हणून गुणसंधी. समास तत्पुरुष. संस्कृतात ‘उत्तर’ शब्दाआधी पंचमी येते, त्या हिशेबाने पंचमी तत्पुरुष. मराठी विग्रहात ‘युद्धाच्या नंतरचा’ असा ‘च्या’ येतो म्हणून काही जण षष्ठी सांगतात. परीक्षेत नाव लिहून थांबू नका, विग्रहही लिहा.

या संधीचा खरा उपयोग नवे शब्द घडवताना होतो. पहिला शब्द अकारान्त असेल तर काम सोपं: पानिपतोत्तर, कारगिलोत्तर. ईकारान्त असेल तर ‘य’ येतो: पदवी, पदव्युत्तर. म्हणून गोवा मुक्तीनंतरचा तो नियमाने ‘मुक्त्युत्तर’. ‘मुक्तोत्तर’ छापलेलं दिसतं, पण ते ‘मुक्त’ला जोडल्यासारखं होतं. जीभ अडखळत असेल तर ‘मुक्तीनंतरचा’ म्हणून मोकळं व्हावं. शब्द नियमाने तयार होतो म्हणून तो केलाच पाहिजे असं नाही. प्लासीनंतरच्या बंगालला ‘प्लास्युत्तर’ म्हणणारा अजून मला भेटलेला नाही.

६. ‘उत्तर’ आधी आलं तर? ‘उत्तरयुद्ध’ म्हणजेही तेच का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. ‘उत्तर’ आधी आलं तर त्याच गोष्टीचा नंतरचा भाग, मागून आलं तर ती गोष्ट संपल्यावरचा काळ. ‘उत्तर पेशवाई’ म्हणजे पेशवाईचाच शेवटचा टप्पा: नाना फडणीस, दुसरा बाजीराव. पेशवाईनंतरचा काळ म्हणजे इंग्रजी अंमल. दोहोंची गल्लत झाली तर सबंध परिच्छेद चुकतो. तसंच उत्तरवैदिक काळ हा वैदिक काळातच मोडतो.

अपवाद समीक्षेने आणला. ‘उत्तरआधुनिक’मध्ये ‘उत्तर’ आधी आहे, तरी अर्थ ‘आधुनिकतेनंतरचा’ घ्यायचा. तो शब्द इंग्रजीच्या साच्यातून ओतला गेला आणि आता रुळला आहे. त्याच्याकडे बोट दाखवून ‘उत्तरयुद्ध’ मात्र लिहू नये.

७. नुसतं ‘युद्धोत्तर’ म्हटलं तर कोणतं युद्ध समजायचं?

जागतिक विषय असेल तर दुसरं महायुद्ध. ‘युद्धोत्तर जग’, ‘युद्धोत्तर युरोप’ यांत १९४५ गृहीत असतं. पण विषय भारताचा आला की कोणतं ते सांगावंच लागतं. १९४७-४८, १९६२, १९६५, १९७१, १९९९: यांतल्या कशानंतरचं? ‘युद्धोत्तर संरक्षण धोरण’ एवढंच लिहिलं तर वाचक अडतो. ‘बासष्टनंतरचं’ म्हटलं की यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे सगळं मराठी माणसाला आपोआप आठवतं. वर्ष हेच तिथे विशेषण होतं.

क्योतोविषयी जपानात एक विनोद सांगतात: तिथल्या जुन्या घराण्यांतली माणसं ‘मागच्या युद्धात’ म्हणाली, की त्यांना १९४५ चं नव्हे, १४६७ साली पेटलेलं ओनिन युद्ध अभिप्रेत असतं. पुण्यातल्या काही वाड्यांना हा विनोद परका वाटू नये.

८. युद्धोत्तर काळ कोणत्या तारखेपासून मोजायचा?

कोणाचा काळ, त्यावर. युरोपात लढाई थांबली ८ मे १९४५ ला. जपानच्या सम्राटाने १५ ऑगस्टला रेडिओवरून शरणागती सांगितली, तिच्यावर सह्या झाल्या २ सप्टेंबरला. पहिल्या महायुद्धात तोफा थांबल्या ११ नोव्हेंबर १९१८ ला, व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला. सामान्य लेखनात तोफा थांबल्याची तारीख धरावी. कायद्याचा किंवा तहाचा विषय असेल तर तहाची.

दोन्हींत बरंच अंतर पडू शकतं. जपानबरोबरचा सॅन फ्रान्सिस्को तह १९५१ मध्ये झाला आणि २८ एप्रिल १९५२ ला अमलात आला. भारताने त्यावर सही केली नाही, जपानशी वेगळा तह जून १९५२ मध्ये केला. म्हणजे कागदोपत्री भारत-जपान युद्ध संपलं तेव्हा आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली होती. १९७१ ची लढाई १६ डिसेंबरला संपली, सिमला करार २ जुलै १९७२ चा. आणि कोरियात २७ जुलै १९५३ ला झाला तो युद्धविराम, शांततेचा तह झालेलाच नाही. कोरियाबद्दल काय लिहायचं ते प्रश्न १४ मध्ये पाहा.

९. आणि तो संपतो कधी?

याचं एकच उत्तर नाही, आणि मला तर हाच या शब्दाचा सर्वांत रंगतदार भाग वाटतो. ब्रिटनमध्ये रेशन उठलं जुलै १९५४ मध्ये, म्हणून अनेकांच्या लेखी काळ तिथे संपतो. जपानात १९५६ च्या सरकारी आर्थिक श्वेतपत्रिकेने ‘आता हा युद्धोत्तर काळ राहिलेला नाही’ अशा अर्थाचं वाक्य लिहिलं आणि ते घोषवाक्य झालं. गंमत म्हणजे लोकांनी ‘सेन्गो’, म्हणजे युद्धोत्तर, हा शब्द काही सोडला नाही. युद्धानंतरची सत्तर वर्षं, ऐंशी वर्षं अशी मोजणी तिथे चालूच राहिली. जर्मन इतिहासकारांतले काही जण १९९० च्या एकीकरणापर्यंत रेघ ओढतात. अर्थकारणावर लिहिणारे बऱ्याचदा १९७३ च्या तेलसंकटाशी थांबतात.

मुंबईत तर हिशेब आणखी लांबतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं प्रमाण भाडं ठरवलं ते १ सप्टेंबर १९४० च्या भाड्यावर. लढाईच्या दिवसांतली घरटंचाई आणि भाववाढ त्यामागे होती. तो कायदा जाऊन १९९९ चा आला, तरी जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं. गिरगावात पागडीच्या खोलीची पावती पाहिलीत आणि त्यावरची रक्कम वाचलीत, तर युद्धोत्तर काळ कधी संपला असं तुम्हीच मला विचाराल.

१०. युद्ध चालू असतानाच ‘युद्धोत्तर योजना’ असं कसं म्हणता येईल?

म्हणता येतं. योजना आजची, पण ती ज्या काळासाठी आहे तो युद्धानंतरचा. हिंदुस्थानात या शब्दाची सरकारी चलती लढाई जोरात असतानाच होती. सरकारने युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी समित्या नेमल्या. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेले डॉ. आंबेडकर १९४३ च्या ऑक्टोबरात युद्धोत्तर वीजविकासावर बोलले. टाटा-बिर्ला आदींची मुंबई योजना १९४४ ची, युद्धोत्तर शिक्षणावरचा सार्जंट अहवाल १९४४ चा.

त्यांतलं एक काम आजही आपल्या पायाखाली आहे. डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि युद्धानंतरच्या वीस वर्षांसाठी रस्त्यांचा आराखडा ठरला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही उतरंड तिथली. तालुक्याच्या पेपरात निविदेच्या जाहिरातीत ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ अशी अक्षरं दिसतात ना, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग? त्या वर्गवारीचं मूळ या नागपूर आराखड्यात आहे.

११. ‘दुसऱ्या महायुद्धोत्तर काळात’ यात काय चुकलं?

‘दुसऱ्या’ हे विशेषण ‘महायुद्धा’चं, पण महायुद्ध आता समासात शिरलं आहे. समासात शिरलेल्या शब्दाला बाहेरून विशेषण लावता येत नाही. ‘काळ्या घोडेस्वार’ म्हणून काळ्या घोड्यावरचा स्वार होत नाही, तसंच हे. ‘दुसऱ्या’ हे सामान्यरूप कोणासाठी झालं, याचा जाब वाक्यात कोणीच देत नाही. दोन वाटा आहेत: ‘दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात’, किंवा युद्धाचा उल्लेख आधीच झाला असेल तर नुसतं ‘महायुद्धोत्तर काळात’. ‘द्वितीय-महायुद्धोत्तर’ व्याकरणात बसतं, कानाला मात्र सरकारी परिपत्रकासारखं लागतं.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे ‘युद्धोत्तर काळानंतर’. त्याचा अर्थ युद्धोत्तर काळही संपल्यावर असा होतो. लिहिणाऱ्याला बहुधा तो नको असतो.

१२. अमेरिकी मजकुरात ‘पोस्टबेलम’ आणि ‘अँटेबेलम’ येतं. तिथे युद्धोत्तर, युद्धपूर्व चालेल?

शब्दश: हो, पण वाचक फसेल. लॅटिनमध्ये बेलम म्हणजे युद्ध. अमेरिकेत मात्र हे दोन शब्द जवळजवळ एकाच युद्धाला बांधलेले आहेत, १८६१ ते १८६५ च्या यादवीला. मराठीत नुसतं ‘युद्धोत्तर’ केलं तर वाचक १९४५ धरून चालतो (प्रश्न ७), आणि कापसाच्या मळ्यांच्या गोष्टीत हिटलर डोकावू लागतो. म्हणून ‘यादवीनंतरची दक्षिण’ असं लिहावं.

‘अँटेबेलम’ची आणखी एक छटा सांभाळा. तो नुसता ‘युद्धापूर्वीचा’ नाही, त्यात गुलामगिरीवर उभ्या राहिलेल्या हवेल्यांचं गोडवं गाणारा सूर असतो. म्हणूनच २०२० मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकी संगीतगटाने आपल्या नावातून तो काढून टाकला. ‘गुलामगिरीच्या काळातली हवेली’ असं लिहिलं तर भाषांतर जास्त प्रामाणिक होतं.

१३. आपल्याकडच्या लढायांना हा शब्द लावतात का? पानिपतोत्तर, पेशवाईनंतर वगैरे?

इतिहासाच्या ग्रंथांत ‘पानिपतोत्तर’ आहे आणि तो योग्य आहे. १४ जानेवारी १७६१ नंतर थोरल्या माधवरावांनी सावरलेला दशकभराचा काळ खरोखर वेगळा काढावा असाच आहे. पण मराठीची एकूण सवय पाहिली तर नंतरच्या काळाला ती युद्धाचं नाव क्वचितच देते. काय बुडालं किंवा काय मिळालं, त्याचं देते. तिसरं इंग्रज-मराठा युद्ध संपलं १८१८ मध्ये. आपण म्हणतो ‘पेशवाई बुडाल्यावर’. खडकी आणि अष्टीच्या लढायांची नावं त्यात नाहीत. १८५७ नंतरचं ते ‘बंडानंतर’. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात फौजा शिरल्या, दीड-दोन दिवसांत काम झालं, आणि गोंयकार आजही मुक्तिपूर्व आणि मुक्तीनंतर असेच दोन काळ मोजतो. गोव्यात ‘युद्धोत्तर’ म्हणून पाहा, समोरचा विचारील, खंयचें झूज? म्हणजे, कुठलं युद्ध?

१४. ‘युद्धोत्तर’, ‘संघर्षोत्तर’ आणि ‘युद्धपश्चात’ यांत फरक काय?

‘युद्धपश्चात’ अर्थाने तेच, पण ‘पश्चात’ आपल्याकडे निधनवार्तेत इतका मुरला आहे (‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे’), की तो मथळ्यात जड होतो. ‘संघर्षोत्तर’ हा आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अहवालांतून आलेला शब्द. युद्ध रीतसर जाहीर झालेलं नसतं, दंगल, बंडखोरी आणि लष्करी कारवाई यांची सरमिसळ असते, तिथे तो सोयीचा. सोयीचा म्हणूनच जरा जपून वापरावा. श्रीलंकेत २००९ च्या मे महिन्यात जे संपलं ते युद्ध होतं, त्याला संघर्ष म्हटलं की धार जाते. कोरियासाठी ‘युद्धविरामानंतरचा’ हे सर्वांत नेमकं.

१५. विरुद्धार्थी शब्द कोणता? आणि दोन युद्धांच्या मधला काळ?

युद्धपूर्व. ताश्कंद करारात (१० जानेवारी १९६६) दोन्ही फौजांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचं ठरलं, तिथे ‘युद्धपूर्व स्थिती’ हा शब्द चपखल बसतो. १९१८ ते १९३९ साठी ‘दोन महायुद्धांमधला काळ’. ‘आंतरयुद्धीय’ कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणावं.

१६. मराठी साहित्याबद्दल लिहिताना युद्धोत्तर म्हणावं की स्वातंत्र्योत्तर?

१९४५ आणि १९४७ मध्ये अंतर दोनच वर्षांचं, म्हणून गोंधळ होतो. नवकाव्य आणि नवकथेची चर्चा करताना ‘महायुद्धोत्तर’ म्हणण्याला कारण आहे. यंत्र, संहार, गर्दीत हरवलेला माणूस ही त्या लेखनाची बीजं लढाईच्या वर्षांतली आहेत. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा असला तरी त्यातलं शहर स्वातंत्र्याच्या जल्लोषातलं नाही. संस्था, शिक्षण, ग्रंथव्यवहार, भाषावार प्रांत हे विषय असतील तर ‘स्वातंत्र्योत्तर’. व्यवहारात दुसऱ्या शब्दाने पहिल्याला गिळलं आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. एक युद्ध दुसऱ्यांचं होतं, स्वातंत्र्य आपलं.

१७. महाभारताला हा शब्द लावता येईल का?

उत्तम लागतो. अठरा दिवसांचं युद्ध, अठरा पर्वं, आणि त्यांतली स्त्रीपर्वापासून स्वर्गारोहणापर्यंतची शेवटची आठ युद्धोत्तर. शांतिपर्व, सर्वांत मोठं, त्यांतच आलं: जिंकलेल्या धर्मराजाला राज्य नको आहे आणि शरपंजरी पडलेला म्हातारा त्याला समजावतो आहे. रणांगणावर गांधारीने कृष्णाला शाप दिला, तो छत्तिसाव्या वर्षी फळाला आला आणि यादव आपसांत लढून संपले. त्यावरूनच आपला ‘यादवी’ शब्द आला, जो प्रश्न १२ मध्ये आपण अमेरिकेला लावला.

१८. कादंबरीत म्हातारी पात्रं ‘युद्धोत्तर’ म्हणतील का?

मुळीच नाही. त्या पिढीच्या तोंडी ‘युद्ध’सुद्धा नव्हतं, ‘लढाई’ होती. माझी आजी ‘महायुद्ध’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. ‘लढाईच्या दिवसांत घासलेट मिळेना’, ‘लढाईत त्यानं पैसा केला’, ‘लढाई संपली तरी रेशन काही संपलं नाही’ अशी तिची वाक्यं. मराठवाड्यातल्या पात्राला १९७१ नंतरचं वर्ष आठवायचं असेल तर ते ‘बांगलादेशच्या लढाईनंतर’ही म्हणणार नाही, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ म्हणेल, आणि पुढे रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी कशी लागायची ते सांगेल.